ॲप बनवण्यापूर्वीची परीक्षा

ॲप, म्हणजे मोबाइलवर एखाद्या ठरावीक कामासाठी वापरायची संगणकप्रणाली, बनवून घेण्याचा विचार एखादा व्यापारी, शिक्षक, डॉक्टर किंवा नोकरी सोडून व्यवसायात उतरू पाहणारा तरुण करतो, तेव्हा त्याच्यापुढे खरे तर तीन निरनिराळ्या शंका उभ्या असतात : ज्या अडचणीवर हे ॲप उपाय सांगते ती अडचण लोकांना खरोखर जाणवते का, जाणवत असल्यास तिच्या निवारणासाठी ते पैसा, वेळ किंवा जुनी सवय यांपैकी काही सोडतील का, आणि असे ॲप तांत्रिकदृष्ट्या तयार होऊ शकते का. सॉफ्टवेअर कंपनीशी करार करून काही लाख रुपये मोजले की या तिन्हींपैकी फक्त तिसऱ्या शंकेचे निरसन होते. आणि बहुसंख्य ॲपमध्ये नोंदणी, यादी, नकाशा, पैसे भरण्याची सोय आणि सूचना यांपलीकडे फारसे काही नसल्यामुळे ही तिसरी शंका मुळातच लहान असते. ज्या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ ठाऊक होते त्यावर सारी पुंजी खर्च होते आणि ज्या दोन प्रश्नांवर व्यवसायाचे जगणे-मरणे अवलंबून असते ते ॲप बाजारात आल्यानंतर, हात रिकामे झालेले असताना, पहिल्यांदा विचारले जातात. शिवाय खर्च तेथे थांबत नाही. बेनेट लिएंट्झ आणि बर्टन स्वॉन्सन यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत संगणकप्रणालींवर काम करणाऱ्यांचे सुमारे निम्मे श्रम आधीच तयार असलेल्या प्रणालींच्या देखभालीत जात असल्याचे दिसले होते, आणि आज अँड्रॉइड व आयफोन यांच्या दरवर्षी बदलणाऱ्या आवृत्त्यांमुळे तो बोजा टाळता येणे आणखी अवघड झाले आहे. म्हणूनच विकसनाचा करार करण्यापूर्वी कल्पनेची पडताळणी करणे, म्हणजे पहिल्या दोन शंकांची उत्तरे स्वस्तात आणि प्रत्यक्ष पुराव्याने मिळवणे, हा व्यवसायातला ऐच्छिक टप्पा मानता येत नाही.

लोकांना सरळ विचारावे, हा पडताळणीचा सर्वांत सोपा मार्ग वाटतो, आणि तोच सर्वांत फसवा आहे. समोरच्याने उत्साहाने मांडलेल्या बेताला ‘छान आहे, करा, आम्ही आहोतच’ असे म्हणणे हा मराठी घरांतला साधा शिष्टाचार आहे. त्यात खोटेपणा नसतो, पण पुढे जाऊन पैसे मोजण्याचे वचनही नसते. अर्थशास्त्रज्ञांनी हा फरक मोजून पाहिला आहे. एखाद्या वस्तूसाठी किती पैसे द्याल असे नुसते विचारले असता मिळणारा आकडा आणि तीच वस्तू समोर ठेवून खरोखर पैसे मागितले असता मिळणारा आकडा यांची तुलना करणाऱ्या अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा जॉन लिस्ट आणि क्रेग गॅलेट यांनी २००१ साली घेतला, तेव्हा तोंडी आकडा सरासरीने सुमारे तिप्पट फुगलेला आढळला. जेम्स मर्फी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली वेगळ्या पद्धतीने केलेल्या आढाव्यात ही फुगवट बरीच कमी, मध्यकाने सुमारे १.३५ पट, निघाली. आकड्यांबाबत मतभेद असले तरी फुगवटीची दिशा दोन्हीकडे एकच आहे. रॉब फिट्झपॅट्रिक यांच्या ‘द मॉम टेस्ट’ या २०१३ सालच्या छोट्या पुस्तकाचा सारा भर याच दोषावर आहे : आपली कल्पना सांगून मत मागू नये, तर कल्पना अजिबात न सांगता समोरच्याने ही अडचण गेल्या वेळी कशी सोडवली, तिच्यावर किती वेळ आणि पैसा घातला, आणखी कोणते उपाय करून पाहिले, हे विचारावे, म्हणजे आईलाही खोटे कौतुक करायला जागा उरत नाही. ज्याने आजवर त्या अडचणीवर काहीच केलेले नाही, त्याला ती अडचण बोलण्यापुरतीच आहे असे मानणे बहुधा योग्य ठरते.

दुसरा दोष विचारणाऱ्याचा असतो. पीटर वेसन यांनी १९६० साली लंडनमध्ये केलेल्या प्रयोगात सहभागींना २, ४, ६ हे आकडे देऊन त्यांमागचा नियम आणखी आकडे सुचवून शोधायला सांगितले होते. नियम फक्त ‘चढत्या क्रमाने’ एवढाच होता, पण बहुतेकांनी आपल्या मनातल्या नियमात बसणारेच आकडे पुन्हा पुन्हा सुचवले आणि तो खोटा ठरवू शकेल असा आकडा क्वचितच विचारला. ॲपची कल्पना घेऊन फिरणारा माणूस नेमके हेच करतो. तिसरा अडथळा चोरीच्या भीतीचा : कल्पना सांगितली तर कोणी पळवील, म्हणून ती ज्यांच्यासाठी आहे त्यांच्यापासूनच लपवली जाते. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या १९७८ सालच्या खटल्यात, ‘हम हिंदुस्तानी’ हे नाटक आणि ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट यांची तुलना करताना, सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की कल्पना, विषय किंवा कथासूत्र यांवर स्वामित्वहक्क नसतो. हक्क असतो तो तिच्या विशिष्ट मांडणीवर. कायदा ज्या गोष्टीला संरक्षण देतच नाही तिच्याभोवती मौनाची भिंत उभारून मिळणारे संरक्षण तुटपुंजे असते, आणि त्या भिंतीमुळे न कळलेली माहिती मात्र मोलाची असते.

बोलण्याऐवजी वागणूक पाहण्याची परंपरा मोबाइलपेक्षा जुनी आहे. बोललेले आपोआप टंकलिखित करणारे यंत्र उपयुक्त ठरेल का, हे यंत्र अस्तित्वात नसतानाच अभ्यासण्यासाठी आयबीएममधील जॉन गूल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला, १९८३ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग हा तिचा उत्तम नमुना आहे. वापरणारा ध्वनिक्षेपकात बोलत असे आणि पडद्यावर अक्षरे उमटत, पण ती उमटवणारा टंकलेखक दुसऱ्या खोलीत बसलेला असे. पडद्यामागून माणसाने यंत्राची भूमिका करण्याच्या या पद्धतीला ‘विझर्ड ऑफ ऑझ’ या प्रसिद्ध बालकथेतील जादूगाराचे नाव मिळाले. पाम कंपनीचे जेफ हॉकिन्स यांनी खिशात मावणारा संगणक बनवण्यापूर्वी त्या मापाचा लाकडी ठोकळा कित्येक आठवडे शर्टाच्या खिशात बाळगला, त्यावर कागदी पडदे लावले आणि लेखणी म्हणून तासलेली लाकडी काडी वापरली. बैठकीत वेळ ठरवायची झाली की ते ठोकळा काढून त्यावर लिहिल्याचा आव आणत आणि आपण तो खरोखर केव्हा व कशासाठी बाहेर काढतो याकडे लक्ष ठेवत. त्यापूर्वी १९९३ साली बाजारात आलेले त्यांच्याच कंपनीचा सहभाग असलेले ‘झूमर’ हे यंत्र फसले होते, आणि १९९६ साली आलेला त्यांचा ‘पायलट’ लोकांनी उचलून धरला. या पद्धतींना व्यवसायशास्त्राची परिभाषा पुढे मिळाली. फ्रँक रॉबिन्सन यांनी २००१ साली ‘किमान चालण्याजोगे उत्पादन’ हा शब्दप्रयोग रूढ केला, स्टीव्ह ब्लँक यांनी कार्यालयाबाहेर पडून गिऱ्हाईक समजून घेण्याची शिस्त मांडली आणि एरिक रीस यांच्या २०११ सालच्या ‘द लीन स्टार्टअप’ या पुस्तकाने ती जगभर पोहोचवली. दुर्दैवाने ‘किमान उत्पादन’ याचा अर्थ ‘अर्धवट ॲप’ असा लावला गेला. वास्तविक त्याचा हेतू कमीत कमी खर्चात एक नेमकी शंका फेडणे हा आहे, आणि पुष्कळदा त्यासाठी ॲप लागतच नाही.

भारतातील तीन उदाहरणे या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. फणींद्र समा यांना २००५ सालच्या दिवाळीत बंगळुरूहून घरी जाण्यासाठी बसचे तिकीट मिळाले नाही, आणि त्यातून पुढच्या वर्षी रेडबस ही तिकीटविक्रीची सेवा उभी राहिली, ही कथा सर्वज्ञात आहे. पण तिचा मधला भाग अधिक बोधक आहे. समा आणि त्यांच्या मित्रांनी प्रथम बसमालकांना उपयोगी पडेल अशी प्रणाली तयार केली, आणि ती देऊ केली असता बसमालकांनी फारसा रस दाखवला नाही, कारण फोनवरून दलालांमार्फत चालणारा धंदा त्यांच्या दृष्टीने सुरळीत होता आणि रिकाम्या आसनांची माहिती विखुरलेली असण्याचा त्रास प्रवाशाला होता, मालकाला नव्हे. अडचण खरी होती, मात्र ती कोणाची हे चुकले होते. त्यानंतर त्यांनी मोजक्या आसनांचा कोटा मिळवून स्वतः प्रवाशांना तिकिटे विकायला सुरुवात केली, तेव्हा विकले गेलेले प्रत्येक तिकीट हाच पुरावा बनला आणि तोच घेऊन बसमालकांकडे पुन्हा जाता आले. मीशो या ऑनलाइन विक्रीमंचाचे संस्थापक विदित आत्रे आणि संजीव बर्नवाल यांनी २०१५ साली फॅशनिअर नावाने जवळच्या कपड्यांच्या दुकानांतला माल घरपोच देणारी सेवा काढली, तेव्हा त्यांना दिसले की कपडे घेताना गिऱ्हाइकाला जवळचे दुकान नको असते, भरपूर निवड हवी असते. दुकानांत वावरताना मात्र दुसरी एक गोष्ट त्यांच्या नजरेस पडली : दुकानदार नव्या मालाची छायाचित्रे व्हॉट्सॲपवर पाठवून ओळखीच्या गिऱ्हाइकांना विक्री करतच होते. ॲप नसतानाही लोक जो खटाटोप करतात तो मागणीचा सर्वांत विश्वासार्ह पुरावा असतो, आणि मीशोची पुढची वाटचाल त्या खटाटोपावर उभी राहिली. मुंबईत लोकल गाड्यांचे छापील वेळापत्रक प्रवासी वर्षानुवर्षे विकत घेऊन खिशात बाळगत असत. सचिन टेके यांनी २०१० साली आणलेल्या एम-इंडिकेटर या ॲपला ही माहिती लोकांना हवी आहे हे सिद्ध करावे लागले नाही, ते त्या वेळापत्रकाने केव्हाच केलेले होते.

हीच पद्धत महाराष्ट्रातील एखाद्या संभाव्य कल्पनेला लावून पाहिली तर तिचे बारकावे अधिक स्पष्ट होतात. समजा, निफाड किंवा दिंडोरी तालुक्यातील एखाद्या सुशिक्षित तरुणाला द्राक्षबागायतदार आणि मजुरांच्या टोळ्या यांची गाठ घालून देणारे ॲप बनवायचे आहे. ऑक्टोबर छाटणी आणि तिच्यामागून येणारी फुटवे काढणे, डिपिंग (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणे), विरळणी ही कामे ठरल्या दिवशीच व्हावी लागतात, आणि त्या काळात सुरगाणा, पेठ यांसारख्या तालुक्यांतून येणाऱ्या टोळ्यांसाठी बागायतदारांची ओढाताण होते, ही अडचण कोणी नाकारणार नाही. परंतु या कल्पनेच्या पोटात एक न बोललेले गृहीतक दडलेले आहे : मजूर आहेत, फक्त कोण कोठे मोकळा आहे हे कळत नाही. हे गृहीतक तपासायला एक वही, एक फोन आणि छाटणीचा एक हंगाम पुरेसा आहे. तरुणाने एका गावातले काही बागायतदार आणि त्यांच्याकडे येणारे मुकादम यांच्याशी बोलून गेल्या छाटणीला टोळी कशी मिळाली, कितव्या फोनला मिळाली, उक्ते काम एकरी कोणत्या दराने ठरले, उचल केव्हा आणि किती दिली, टोळी ठरल्या दिवशी आली का, ने-आण करणाऱ्या पिकअपचे भाडे कोणी भरले, याच्या नोंदी कराव्यात; आणि मग हंगामात स्वतःच मधला माणूस बनून बागायतदाराची मागणी फोनवर घ्यावी, मुकादमाला कळवावी आणि जुळवाजुळव करून द्यावी. ॲपने जे काम करायचे ते आधी माणसाने हाताने करून पाहण्याच्या या पद्धतीला हातसेवा म्हणता येईल.

अशा प्रयोगातून तीन प्रकारची उत्तरे निघू शकतात आणि त्यांची व्यावसायिक फलिते अगदी भिन्न आहेत. टोळ्या मोकळ्या असूनही बागायतदारांना कळत नाही असे दिसले, तर माहिती पोहोचवणारे साधन उपयोगी आहे, आणि कदाचित ते काम व्हॉट्सॲपचा एक गटही करील. सर्वच बागांची छाटणी एका पंधरवड्यात येते आणि मजूरच अपुरे आहेत असे दिसले, तर कोणतेही ॲप नवा मजूर निर्माण करू शकत नाही. ते फक्त जास्त दर देणाऱ्याकडे टोळी वळवील आणि उरलेल्यांचा रोष ओढवून घेईल. तिसरी शक्यता सर्वांत महत्त्वाची आहे : मुकादम हा केवळ माहिती देणारा नाही, तो उचल घेऊन ती टोळीत वाटतो, कोणी काम अर्धवट सोडले तर जबाबदारी घेतो, आजारपणात पैसे पुढे करतो, आणि त्याच्यावरच्या विश्वासावर हा व्यवहार टिकून असतो. त्या मुकादमाला वगळणारे ॲप पहिल्याच हंगामात त्याच्या विरोधावर आपटेल. त्याची वही, हिशेब आणि वाहनाच्या फेऱ्या सोप्या करणारे ॲप कदाचित तो स्वतः पैसे देऊन घेईल. येथे गिऱ्हाईकच बदलते. बागायतदारांच्या घरी बसून केलेल्या पन्नास मुलाखतींतूनही हे कळेल याची खात्री नाही, कारण बागायतदार आपल्या अडचणीविषयी बोलेल, मुकादमाच्या नव्हे.

हातसेवेनंतर पैशाची परीक्षा येते, आणि भारतात ती आज विलक्षण सोपी झाली आहे. यूपीआयमुळे कोणाकडूनही लहानशी आगाऊ रक्कम घेणे आणि जरूर पडल्यास परत करणे क्षणाचे काम आहे, आणि जो माणूस ‘नक्की वापरू’ म्हणतो त्याच्याकडे हंगामाच्या नोंदणीसाठी शंभर रुपये मागितले असता तो काय करतो हे पाहिले की त्याच्या होकाराचे वजन समजते. समाजमाध्यमांवरील लेखन आधी तयार करून ठरल्या वेळी प्रसिद्ध करणारी बफर ही सेवा २०१० साली सुरू करताना जोएल गॅस्कॉइन यांनी आधी केवळ दोन पानांचे संकेतस्थळ उभारले. लोक ‘दर व योजना’ या दुव्यावर गेले की सेवा अजून तयार नाही असे सांगून त्यांचा ईमेल पत्ता घेतला जाई. काहींनी पत्ता दिल्यावर त्यांनी मध्ये दरांचे पान घातले, आणि पैसे दिसल्यावरही लोक सशुल्क योजना निवडतात असे आढळल्यानंतरच प्रणाली लिहायला घेतली. याच्या शेजारी ड्रॉपबॉक्स या फायली साठवण्याच्या सेवेचे बहुचर्चित उदाहरण ठेवले की पुराव्याचा दर्जा कसा बदलतो हे कळते : २००८ साली प्रसिद्ध केलेल्या काही मिनिटांच्या चित्रफितीमुळे त्यांची प्रतीक्षायादी एका रात्रीत सुमारे ५ हजारांवरून ७५ हजारांवर गेली, पण प्रतीक्षायादीत नाव घालायला काहीच मोजावे लागत नाही, त्यामुळे त्या आकड्याने उत्सुकता सिद्ध केली, दर नव्हे. अशा परीक्षांत एक नैतिक मर्यादाही पाळावी लागते. अस्तित्वात नसलेल्या सेवेसाठी पैसे घेतले तर ती अजून तयार नाही हे सांगणे आणि मागताक्षणी पैसे परत करणे बंधनकारक मानले पाहिजे. आणि गोळा केलेले फोन क्रमांक दुसऱ्या कामासाठी वापरणे हे २०२३ सालच्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातील संमतीच्या तत्त्वाशी विसंगत आहे.

निकाल वाचण्याचीही रीत आहे. किती जणांनी पैसे दिले तर पुढे जायचे हा आकडा परीक्षेपूर्वीच लिहून ठेवावा, नाहीतर मिळालेला कोणताही आकडा नंतर पुरेसा वाटू लागतो. संख्याशास्त्रात ‘तीनचा नियम’ म्हणून ओळखला जाणारा एक साधा अंदाज येथे उपयोगी पडतो : ३० जणांना विचारून एकानेही पैसे दिले नाहीत, तर खऱ्या बाजारातले प्रमाण, ९५ टक्के खात्रीने, ३ भागिले ३०, म्हणजे १० टक्क्यांपेक्षा कमी असावे. ज्या व्यवसायाला शंभरातल्या दोघांवर भागते त्याच्यासाठी हा नकार अंतिम नाही. ज्याला गावातला प्रत्येक तिसरा बागायतदार लागतो त्याच्यासाठी आहे. अर्थात हा हिशेब, विचारलेले लोक खरोखर त्या बाजाराचे प्रतिनिधी असतील तरच लागू पडतो, आणि नातेवाईक तसे नसतात.

पडताळणी केली म्हणजे यश ठरले, असा समज मात्र धोक्याचा आहे, आणि डन्झोचा इतिहास त्याचा साक्षीदार आहे. कबीर बिस्वास यांनी बंगळुरूमध्ये २०१५ च्या सुमारास सुरू केलेली ही सेवा आरंभी केवळ व्हॉट्सॲपवरच्या संदेशांवर चालत असे : लोकांनी काम कळवायचे, आणि कोणीतरी जाऊन औषध, चार्जर किंवा विसरलेली किल्ली आणून द्यायची. हातसेवेचे इतके शुद्ध उदाहरण भारतात क्वचितच सापडेल. मागणी इतकी निर्विवाद होती की २०१७ साली गुगलने तिच्यात गुंतवणूक केली आणि २०२२ च्या जानेवारीत रिलायन्स रिटेलने २० कोटी डॉलर घातले. परंतु लोकांना सेवा हवी आहे आणि लोक तिचा खरा खर्च भरतील, ही दोन वेगळी विधाने आहेत. दुचाकीवरून एक वस्तू पोहोचवण्याचा खर्च त्या वस्तूवरील नफ्यापेक्षा आणि गिऱ्हाईक आनंदाने देईल त्या शुल्कापेक्षा मोठा असेल, तर मागणी जितकी वाढेल तितका तोटा वाढतो. २०२२-२३ या आर्थिक वर्षात कंपनीचा महसूल सुमारे २२६ कोटी रुपये आणि तोटा सुमारे १,८०० कोटी रुपये होता. २०२५ च्या जानेवारीत तिचे ॲप बंद पडले. हा प्रश्नही व्हॉट्सॲपच्या दिवसांत विचारता आला असता : एका फेरीसाठी पूर्ण खर्च आणि थोडा नफा आकारला तर त्याच माणसाचा दुसरा संदेश येतो का? सवलतीच्या दरात झालेली पडताळणी सवलतीचीच असते.

पैशाचा महापूर पडताळणीची उणीव भरून काढत नाही, हे क्विबीने दाखवले. जेफ्री कॅट्झेनबर्ग आणि मेग व्हिटमन यांनी सुमारे १७५ कोटी डॉलर उभे करून मोबाइलवर दहा मिनिटांच्या आतले व्यावसायिक कार्यक्रम दाखवणारे हे ॲप ६ एप्रिल २०२० रोजी आणले आणि १ डिसेंबरला ते बंद झाले. साथीच्या टाळेबंदीने प्रवासातला फावला वेळ नाहीसा केला हे खरे, तरी महिना ४.९९ डॉलर भरून लोक अशा तुकड्यांसाठी यूट्यूब सोडतील का, ही शंका साथीपूर्वीची होती, आणि ती फेडण्यासाठी एवढ्या भांडवलाची गरज नव्हती.

या परीक्षांतून कल्पना तावून सुलाखून निघाली, तर विकसकाकडे जाताना तिचे रूप बदललेले असते. सुरुवातीला वीस पडद्यांची असलेली यादी बहुधा तीन-चारांवर येते, कारण हातसेवेत कोणती कामे रोज करावी लागली आणि कोणती एकदाही लागली नाहीत हे वहीत लिहिलेले असते. त्यामुळे करारातली रक्कमही उतरते आणि टप्प्याटप्प्याने, प्रत्येक टप्पा चालवून पाहिल्यावर, पैसे देण्याची अट घालता येते. येथे एका कायदेशीर बाबीकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. भारताच्या १९५७ सालच्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार नोकराने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या प्रणालीचा हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाकडे जातो, परंतु स्वतंत्र कंत्राटदाराने लिहिलेल्या प्रणालीचा पहिला हक्क सर्वसाधारणपणे कंत्राटदाराकडेच राहतो. पैसे पूर्ण दिले म्हणून तो आपोआप गिऱ्हाइकाचा होत नाही. हस्तांतर लेखी आणि सहीनिशी असावे लागते, आणि कलम १९ प्रमाणे त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो केवळ भारत, असे धरले जाते. म्हणून प्रणालीचा मूळ संकेत, आराखडे आणि माहितीसाठा यांचे हस्तांतर कायमचे व जगभरासाठी आहे हे करारात शब्दांत लिहून घ्यावे, आणि प्ले स्टोअर व ॲप स्टोअर यांवरील खाती, ज्यांचे शुल्क अनुक्रमे एकदाच २५ डॉलर आणि दरवर्षी ९९ डॉलर आहे, विकसकाच्या नव्हे तर स्वतःच्या नावाने उघडावीत.